पाचव्या दिवसावरचा गोल

“हे गोल कसले हो?” वसुंधरा सिस्टरनी विचारलं.

तुळशीरामचा उजवा पाय स्टुलावर होता. टाचेच्या भेगांना औषध झोंबलं म्हणून तो पुढे वाकला, तेव्हा सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेले कॅलेंडरचे कागद निसटले आणि थेट सिस्टरच्या पुढ्यात पडले. पाच महिन्यांचे पाच कागद. प्रत्येकावर लाल पेन्सिलीनं एक गोल, आणि त्या गोलापासून पुढच्या चौकटींत बारीक आकडे, एकापासून सोळापर्यंत. बारा ते सोळा या आकड्यांखाली जाड रेघ.

“काय नाय, भरतीच्या येला हायत,” तुळशीराम म्हणाला.

सिस्टरनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. पनवेलच्या आरोग्य केंद्रात त्यांची वीस वर्षं गेली होती. भरती महिन्यातून पाचच दिवस येत नाही, एवढं त्यांनाही ठाऊक होतं. आणि असले आकडे त्या गेली कितीतरी वर्षं बायकांना स्वतः मांडून देत आल्या होत्या. फक्त ते एखाद्या पुरुषाच्या खिशातून पडलेले त्यांनी आजवर पाहिले नव्हते. त्यांनी पट्टी अर्धवट सोडली, उठून दार लोटलं आणि पुन्हा येऊन बसल्या. मग तुळशीरामला बोलणं भाग पडलं.

तुळशीराम बेलपाड्याचा. वय छत्तीस. पंधराव्या वर्षापासून खाडीकाठच्या मिठागरावर कामाला. बोलायला भिडस्त, पण पाण्याचं गणित असं पक्कं की उधाण कोणत्या तिथीला कोणत्या बांधाला भिडेल, हे तो झोपेतून उठवून विचारलं तरी सांगे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. बायकोचं नाव भामा. घरात तिसरी त्याची म्हातारी आई. चौथं माणूस अजून यायचं होतं, आणि त्याचीच वाट बघण्यात अकरा वर्षं गेली होती.

कार्तिकात गावात कुटुंब नियोजनाचं शिबिर झालं. शाळेच्या पटांगणात मांडव, सरकारी जीप, कर्णा, आणि हातात पुठ्ठ्याचं फिरतं चक्र घेतलेला एक साहेब. साहेबानं पुरुषांना पुढे बसवून सांगितलं की बाईच्या महिन्यात मोजकेच दिवस गर्भ राहण्याचे असतात. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं. बारावा ते सोळावा हे सगळ्यात धोक्याचे, तेवढे टाळायचे. पोरं एकमेकांना कोपरं मारून हसत होती, म्हातारे टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते. त्या अख्ख्या मांडवात एकटा तुळशीराम कान टवकारून ऐकत होता. अकरा वर्षं तो त्याच धोक्याची वाट बघत होता.

साहेबानं जे टाळायला सांगितलं, ते आपण गाठायचं, असं त्यानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. घरी जाताना वाण्याकडून लाल पेन्सिल घेतली.

आता अडचण अशी की पहिला दिवस कोणता, हे पुरुषाला कळावं कसं. भामाला कावळा शिवला की ती मागच्या पडवीत जाऊन बसे. तिचं गोणपाट वेगळं, ताट वेगळं, तांब्या वेगळा. पुरुषानं त्या चार दिवसांत मागच्या दाराकडे बघायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. हंगामात तर तुळशीरामचा अर्धा मुक्काम आगरावरच. घरी आला की पुढच्या ओटीवर जेवायचं आणि पुढच्या दारानं निघून जायचं. मान तिकडे वळू द्यायची नाही याची त्याला इतकी सवय झाली होती, की तिकडे दार आहे हेही तो चार दिवस विसरून जाई. मग पाचव्या दिवशी भामा डोक्यावरून न्हाऊन, ओले केस पाठीवर सोडून पुन्हा चुलीपुढे दिसे. त्याच्या लेखी महिना तिथून सुरू होई. त्यानं तिथंच लाल गोल काढला आणि तिथून मोजायला लागला.

आणि मोजायचं तर नीट मोजायचं. बारा ते सोळा हे दिवस वाया जाऊ नयेत, तोवर आपला जोम राखून ठेवावा, म्हणून गोलापासून अकराव्या आकड्यापर्यंत तो निष्ठेनं आगरावरच्या झोपडीत झोपायला जाई. मार्गशीर्षापासून त्यानं हा नेम एकदाही मोडला नव्हता.

हे सगळं सिस्टरना सांगता सांगता त्याला घाम फुटला. सिस्टर मध्ये एकदा हसल्या, पण मग हसायच्या थांबल्या, कारण त्यानं पुढचं सांगितलं. दिवाळीत तांदूळ निवडता निवडता भामाच म्हणाली होती की ओवे गावची माझी मावसबहीण नवऱ्यानं टाकलेली आहे, स्वभावानं चांगली आहे, तिला करून घ्या, मी मोठ्या बहिणीसारखी राहीन. आवाज अगदी सरळ ठेवून म्हणाली. म्हातारीनं लगेच मान डोलावली. तुळशीराम एवढंच बोलला की मिठाचा हंगाम संपू दे, मग बघू. सगळ्यांना वाटलं, लाजतोय. खरं तर तो काही महिन्यांची मुदत मिळवत होता. त्यांतले चार गेले होते, आणि आता हा पाचवा, हंगामाचा शेवटचा.

“ती बाजूला किती दिवस बसते?” सिस्टरनी विचारलं.

“चार. पाचव्याला न्हाते.”

“मग हा गोल पहिल्या दिवसावर नाही, पाचव्या दिवसावर आहे.” सिस्टरनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि चार चौकटी मागे जाऊन एक आकडा मांडला. “तुमचा बारावा म्हणजे खरा सोळावा. दिवस जवळजवळ उलटून गेल्यावर तुम्ही घरी येत होतात. आणि खरे दिवस होते तेव्हा कुठे होतात?”

“आगरावर,” तुळशीराम म्हणाला.

सिस्टरनी ते पाचही कागद एकावर एक रचले. “ज्यांना मूल नको असतं त्यांना मी वीस वर्षं नेमकं हेच शिकवतेय, तुळशीराम. एक माणूस धड ऐकत नाही. तुम्ही पाच महिने न चुकता कुटुंब नियोजन केलंत.”

तुळशीरामला रडू येईल असं वाटलं, पण तेवढ्यात सिस्टर या महिन्याच्या कागदावर बोट ठेवून मोजायला लागल्या. त्याच्या आकड्यानं आज सहावा दिवस होता. खऱ्या मोजणीनं दहावा. परवापासून बारावा लागत होता.

परवा, हा एकच शब्द त्याच्या कानात शिरला. सिस्टर पुढे बरंच काही सांगत होत्या. दिवस जुळले म्हणजे मूल राहीलच असं नसतं, दोघं मिळून या, तपासणी बाईची करतात तशी पुरुषाचीही करावी लागते, आणि पाळी चुकलीच तर पहिल्या दिवसापासून दीड महिना थांबून मग लघवी तपासू. त्यानं सगळ्याला मान डोलावली आणि एक टाच बांधलेली, एक उघडी, असा तो निघालासुद्धा. फाट्यापर्यंत टमटम मिळाली. तिथून बेलपाड्यापर्यंत भेगाळल्या पायांनी तो जवळजवळ पळतच गेला.

भामा परसात सुकट निवडत होती. म्हातारी विहिरीवर गेली होती. तुळशीराम भामासमोर उकिडवा बसला आणि वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरला.

“तू पौर्णिमेला बसलीस का?” त्यानं विचारलं.

भामाच्या हातातली सुकट हातातच राहिली. अकरा वर्षांत या माणसानं तो विषय ओठांवर आणला नव्हता. उन्हानं याचं डोकं फिरलं, असंच तिला आधी वाटलं. मग त्यानं ते पाच कागद तिच्यापुढे पसरले आणि जमेल तसं सांगितलं. शिबिरातला साहेब, लाल गोल, राखून ठेवलेला जोम, वसुंधरा सिस्टर. सिस्टरचं नाव आल्यावर भामानं तोंडावर पदर घेतला, पण कान तिकडेच होते. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. ती एकेका कागदावरून बोट फिरवत राहिली.

“तुमी हे मोजत व्हता?” ती म्हणाली. “म्हनून आगरावर झोपाय जायाचा?”

“मंग कशाला जाईन?”

भामानं मान खाली घातली. तिनं वेगळंच धरलं होतं. दिवाळीत आपण ओव्याचं काढलं आणि तेव्हापासून हा माणूस घरात झोपायचं टाळतो, म्हणजे त्याच्या मनानं घेतलंय, आपल्यावरचं मन उडालंय. त्या समजुतीवर तिनं सगळा हिवाळा काढला होता, आणि मावसबहिणीसाठी एक लुगडंही बाजूला काढून ठेवलं होतं. आता ते सगळं एकदम अंगावरून उतरलं आणि तिला काय करावं ते सुचेना.

“मला एकदा इचारलं असतं तर?” ती म्हणाली.

“कसा इचारनार?”

मग भामालाच हसू फुटलं. ती डोळे पुसत पुसत हसायला लागली, आणि ती हसतेय म्हटल्यावर तुळशीरामही. तिनं बोटांवर मोजून त्याला मागच्या सगळ्या तिथ्या सांगितल्या. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी. चैत्री पौर्णिमेला, ज्या दिवशी मारुतीचा प्रसादही तिच्या हातावर पडला नव्हता. तिला एकेक दिवस पाठ होता. पाच महिने ज्या माहितीसाठी तो पेन्सिल झिजवत होता, ती मागच्या पडवीत दहा पावलांवर बसलेली होती.

सिस्टरचं बरोबर होतं. परवा बारावा दिवस. तुळशीरामनं बोटावर पुढच्या तिथ्या मोजल्या आणि त्याचा चेहरा उतरला. परवापासून अमावास्येचं उधाण लागत होतं. खाडीकडच्या कोपऱ्यात बांध आधीच पाझरत होता, आणि आगरात हंगामातलं शेवटचं मीठ पडलेलं होतं. पाणी आत शिरलं तर ते सगळं विरघळून जाणार. ते पाच-सहा दिवस एकाही माणसानं आगर सोडायचं नाही, असं मुकादमानं बजावलं होतं. पाच महिने त्याला घरी यायला मोकळीक होती तेव्हा तो आला नाही, आणि आता यायचं तर त्याला येता येत नव्हतं.

भामानं सुकटीचं सूप उचललं. आत जाता जाता, त्याच्याकडे न बघता म्हणाली, “तुमाला येता नाय येत. मला येता येतं ना. भाकरी घेऊन येईन.”

आणि ती आली. भर दुपारी, डोक्यावर पाटी, बांधाच्या अरुंद वाटेनं तोल सांभाळत, हिरवं लुगडं नेसून. हंगामभर तुळशीरामची भाकरी कमळाकरच्या बायकोबरोबर यायची. त्यामुळे पहिल्या दिवशी भामाला बघून आगरावरची सगळी माणसं हातातलं काम थांबवून उभी राहिली. कमळाकर हा तुळशीरामचा जोडीदार, पंधरा वर्षं एका फळीला हात घालून मीठ ओढलेला. तो रोजच्यासारखा जेवायला त्यांच्याच झोपडीत येऊन बसला, कालवणाचं कौतुक करत राहिला, आणि तुळशीराम ताटात बोटं फिरवत राहिला. शेवटी भामानंच त्याच्याकडे त्याच्या मुलांची चौकशी केली, सगळ्या मुलांची, एकेकाची. तेव्हा कुठे कमळाकरच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो हात धुवायला म्हणून उठला तो परतलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं फार मोठं काम अंगावर घेतलं. दुपार झाली की तो सगळ्या माणसांना हाकलत आगराच्या पार दुसऱ्या टोकाच्या उघाडीवर, खाडीचं पाणी आत घ्यायच्या दारावर, नेई. तिथं दाराच्या फटीतून पाणी येतंय, असं त्याचं म्हणणं. माणसं जाऊन बघत, पाणी कुठंच नसे. कमळाकर म्हणे, येईल, बसून राहा. त्या उघाडीची एवढी राखण तिच्या जन्मात कधी झाली नव्हती.

तुळशीरामचे ते पाच दिवस कसे गेले ते त्यालाच माहीत. रात्री उधाणाचं पाणी बांधाशी धडका देई तेव्हा तो पाटीनं चिखल टाकत असे, आणि दमत नसे. दिवसा बांधाच्या टोकाशी हिरवा ठिपका दिसला की तो हातातलं काम टाकून तिकडेच बघत उभा राही. लग्नात त्यानं भामाला धड पाहिलंही नव्हतं. आता ती पाटी उतरवून, पदरानं मान पुसत, रागावल्यासारखं तोंड करून म्हणायची की कालवण निवलं, आणि तो हसायचा. अकरा वर्षांत दोघं एवढं बोलले नव्हते.

घरी म्हातारीनं एकदाच विचारलं, कमळाकरची बायको जाते तर तू कशाला ऊन खातेस. त्यांना गरम लागतं, असं भामा म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं पाटीत माशाची एक तुकडी जास्त ठेवली.

मग सुरू झालं थांबणं. आता मोजणी दोघांची होती. पेन्सिल भामाकडे गेली होती आणि कॅलेंडर चुलीजवळच्या कुडावर टांगलेलं होतं. अठ्ठावीस झाले, एकोणतीस झाले. वैशाखी पौर्णिमा आली आणि गेली, भामा चुलीपुढंच. तुळशीराम रोज संध्याकाळी काही ना काही निमित्तानं आगरावरून घरी यायला लागला. कधी तंबाखू राहिली, कधी काडेपेटी, कधी काहीच राहिलं नाही. ओटीवरून आत डोकावायचं, चुलीपुढे भामा आहे एवढं बघायचं आणि परत जायचं. चौथ्या खेपेला म्हातारी म्हणाली, “तुलशा, तंबाखू इथंच ओढ ना बस.”

म्हातारीला कॅलेंडरची गरज नव्हती. एकतिसाव्या दिवशी तिनं भामाच्या कमरेवरची घागर काढून आपल्या कमरेवर घेतली. तेहतिसाव्या दिवशी भामाला जड पाटा उचलू दिला नाही. पस्तिसाव्या दिवशी तिनं शेजारणीकडे जुनं मऊ लुगडं आहे का म्हणून चौकशी केली, आणि कशाला हवं ते सांगितलं नाही. त्या रात्री तुळशीराम घरी होता. भामा अंधारात हळूच म्हणाली, सिस्टरनी दीड महिना सांगितलाय, आजून धा दिवस हायत, कुनाला बोलू नका. तुळशीराम कुणाला बोलला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी आगरावर त्यानं कमळाकरला विनाकारण मिठी मारली आणि कमळाकर फळीसकट मिठाच्या कुंडीत पडला.

सदतिसाव्या दिवशी शेवटची रास ट्रकवर चढली. उधाणातून वाचलेलं सगळं मीठ गेलं आणि हंगाम संपला. मुकादमानं सगळ्यांना सुट्टी दिली. तुळशीरामनं खाडीवर अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि ऊन कलायच्या आत घरी आला. येताना त्याला वाटेतली माणसं, गुरं, कुंपणं, सगळंच आवडत होतं.

चुलीपुढे म्हातारी बसली होती.

तो दारात थांबला. म्हातारीनं वर बघितलं नाही. फुंकणीनं जाळ फुंकला आणि म्हणाली, “मागं हाय. सकाली बसली.” लाकूड आत सारून पुढे म्हणाली, “हंगाम संपला ना. उद्या मी ओव्याला जाऊन येते.”

तुळशीरामचे पाय सवयीनं पुढच्या ओटीकडे वळले. दोन पावलं तो गेलाही. मग थांबला, परत फिरला आणि म्हातारीच्या शेजारून स्वयंपाकघर ओलांडून मागच्या दाराशी आला. पुरुषानं या चार दिवसांत ओलांडायचा नाही असा तो उंबरा. तो ओलांडून पडवीत उतरला.

भामा गोणपाटावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. त्याला बघून ती भिंतीकडे सरकली.

“इथं नका येऊ,” ती म्हणाली. “शिवाल. आये बघते हाय.”

तुळशीराम तिच्या शेजारी गोणपाटावर बसला. कुठे बघावं ते दोघांनाही कळत नव्हतं. परसात कोंबडी उकरत होती, तिच्याकडे दोघं बघत राहिली.

“लय दुखतंय?” त्यानं विचारलं.

हा प्रश्न तिला त्या पडवीत कुणी कधी विचारला नव्हता. भामा गुडघ्यात तोंड घालून रडायला लागली. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिनं तो झटकला नाही. त्यालाही रडायला येत होतं. इतके दिवस मनात धरलेलं ते चौथं माणूस त्याला आता घरात कुठंच दिसत नव्हतं. पण त्याच वेळी त्याला हेही लख्ख कळलं, की ओव्याहून कुणालाही आणलं तरी ती भामाच्या जागेवर यायची नव्हती.

“आये,” तो तिथूनच म्हणाला, आतपर्यंत ऐकू जाईल असं. “ओव्याला जायाचं नाय.”

आत फुंकणी थांबली.

“पनवेलला जाऊ आमी. दोघं. सिस्टरनी माझी पन तपासनी सांगितली हाय.”

“तुला काय झालंय?” म्हातारीचा आवाज आला.

“कोन जानं. माझ्यात पन असंल.”

भामानं तोंड वर केलं आणि त्याच्याकडे बघितलं. तो कोंबडीकडेच बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. मग चुलीवरून भांडं उतरल्याचा आवाज आला.

म्हातारी चहाचं पातेलं घेऊन उंबऱ्यापाशी आली. भामानं सवयीनं आपला कप पायरीवर ठेवला आणि हात मागे घेतला. म्हातारी वाकली आणि तिचं लक्ष तुळशीरामकडे गेलं. बायकोच्या पाठीवर हात ठेवून, विटाळाच्या गोणपाटावर बसलेला छत्तीस वर्षांचा मुलगा. ती त्याच्याकडे नुसती बघत उभी राहिली. तोही उठला नाही.

पातेलं तिथंच टेकवून ती आत गेली. येताना त्याचा पितळी पेला घेऊन आली. तो तिनं हातात दिला नाही. पायरीवर ठेवला आणि बोटानं ढकलला, भामाच्या कपाशेजारी. मग पातेलं उचलून, कुठंही न शिवता, वरूनच चहाची धार धरली. आधी भामाच्या कपात, मग त्याच्या पेल्यात.